डिझेलच्या डब्याचं फडकं

आटपाट नगर काही नव्हतं, साधं पुंडलिकनगर होतं. तिथं एक भास्कर राहायचा, तो माझा ल्योक. त्याची बायको कमल. म्हातारी मी. आणि दारात एक पांढरी पिकअप. डांबरी सडक जिथं संपती, तिथून पुढं दगडा-नाल्यातून शहरातल्या लोकांना डोंगर दाखवायचे, हे भास्करचं काम. पाहुण्यांना चुलीवरचं पिठलं-भाकरी लागायची, म्हणून पुढच्या सीटवर मी.

लोक म्हणतात, आजी, एवढे किस्से आणता कुठून? आणायला कशाला लागतंय! गाडीत डिझेलचा जास्तीचा डबा ठेवा अन् डोंगरात चार ट्रिपा मारा. किस्से आपोआप साठतात. वरून कितीबी पुसा, वास जात नाय!

कमलनं मात्र बजावलं होतं, "दिवाळीपर्यंत गाडीला कायमचं काम मिळालं तर ठीक. नाय तर गाडी विकायची, अन् तुम्ही कंपनीत ड्युटी धरायची." कंपनीचं नाव काढलं की भास्कर ताटावरून उठून गाडी पुसायला जायचा.

*

पहिल्या ट्रिपला डबा नव्हताच. फर्दापूरच्या पल्याड एका नाल्यात गाडी आचके देऊन गप झाली.

मी म्हटलं, "अरे, निघताना तर अर्धी टाकी होती ना?"

"माय, ती डांबरावरची अर्धी. वाळूत पहिल्या गिअरवर ती पावच भरती!"

मला लई नवल वाटलं. टाकी तीच, डिझेल तेच, मग रस्ता बदलला की कमी कसं होतं? पण विचारणार कुणाला, भास्कर बैल शोधायला गेला होता. एका शेतकऱ्यानं जोडी आणली, दोर बांधला अन् पाहुण्यांसकट आमची वरात गावात नेली.

चौकात बैलांच्या पाठीवर थाप मारत तो म्हणाला, "ट्रॅक्टर घ्यायचा म्हणून ह्यांना विकणार होतो. आता नाय विकत बाबा!"

*

मग सत्तार मिस्त्रीनं एक लोखंडी डबा आणून दिला. आमच्या गाडीचा डॉक्टर म्हंजे सत्तार. पंपावर भास्कर गाडीच्या मागच्या हौद्यातच डबा ठेवून भरायला निघाला, तसा सत्तार ओरडला, "अरे नक्को! डब्बा नीचे रख, जमीन पे!"

"का रं सत्तार? वर काय बिघडतंय?"

"अम्मा, हौद्यात प्लास्टिक अंथरलंय. त्याच्यावर डबा ठेवून भरला तर कधी कधी ठिणगी उडती."

"थंडीत घोंगडी झटकली की चटचट होतं, तसं?"

"हौ अम्मा, वैसाच!"

झालं! आमच्या गाडीत हवा भरून होईस्तोवर मी पंपावर उभी. जो डबा घेऊन येईल त्याला, "खाली ठेव, जमिनीवर!" शेवटी मॅनेजर हात जोडून आला. "मावशी, कुठल्या खात्याच्या साहेब तुम्ही?"

"खातं कसलं! पिकअपवाल्याची माय हाय मी."

"म्हंजे साहेबाच्याबी वरच्या!" म्हणून त्यानं मला खुर्ची दिली.

*

ऐन चैत्रात पाचोडला कमलच्या माहेरी जेवायला निघालो होतो. भास्करनं डबा काठोकाठ भरला होता. बाजारात गाडी उन्हात उभी राहिली अन् डबा टम्म फुगला, गालात लाडू धरल्यासारखा. भास्करनं वाकून झाकण फिरवलं मात्र, फस्सकन फवारा! पांढरा सदरा पिवळा झाला.

तसाच सासऱ्याच्या पंगतीला बसला. म्हातारा दोनदा हुंगून म्हणाला, "जावईबापू, अत्तर भारी लावलंय. कुठलं म्हणायचं हे?"

कमलनं मान खाली घातली ती घरी येईस्तोवर वर केली नाय. मी भास्करला म्हटलं, "लोणच्याच्या बरणीत वर जागा सोडतो तशी सोडत जा. चार बोटं." तेव्हापासून आमचा डबा चार बोटं रिकामा असतो.

*

पण खरी गंमत पाण्याच्या डब्यानं केली. तोबी लोखंडी, तेवढाच, शेजारीच बांधलेला. पुण्याच्या एका साहेबांना सर्दी झालेली. डोंगरातल्या मुक्कामी सकाळी उठले, डब्यातनं मगभर घेतलं अन् तोंड धुतलं.

सत्तार त्या दिवशी सोबत होता. तो टॉवेल घेऊन धावला, पण त्याआधीच साहेब गाल चोळत म्हणाले, "इथलं पाणी जरा तेलकटच आहे, नाही का?"

घरी आल्यावर मी ठरवलं, ओळखू यावा म्हणून डिझेलच्या डब्याला फडकं बांधायचं. कमलचं एक हिरवं सुती लुगडं विरून गेलेलं, ते मागितलं. तिनं हिसकूनच घेतलं. "आत्याबाई, त्याला हात लावायचा नाय. माझ्या मायनं दिलेलं शेवटचं हाय. अन् त्या घासलेटी डब्याला तर मुळीच नाय!" मग माझ्याच जुन्या चोळीचं लाल फडकं बांधलं.

*

दिवाळी तोंडावर आली अन् एक मॅडम आल्या. डोंगरातल्या झाडांची नोंद करायचं त्यांचं काम. एक ट्रिप बघणार, जमलं तर वर्षभर हीच गाडी.

कमल म्हणाली, "डिझेलचा वास आला तर बाई दुसऱ्यांदा बसायची नाय. डबा जिन्याखाली ठेवा." भास्करनं ठेवला. टाकी फुल होती.

पण डोंगरात वाट खचलेली. पठारावरून वळसा घ्यावा लागला. त्यात मॅडम, "ते झाड बघू, पलीकडचंही बघू." काटा तळाला टेकला, तशी भास्करनं गाडी बंद केली. मोबाईलला रेंज नाय, माणूस नाय.

मॅडम म्हणाल्या, "आधीच्या गाडीवाल्याला मी याच कारणानं सोडलं."

भास्कर मोबाईल वर धरून गाडीभोवती रेंज शोधू लागला. मला वाटलं, निदान खाऊ तरी घालावं. भाकरीचं गाठोडं काढायला मी मागं गेले, स्टेपनीमागची ताडपत्री सारली. तिथं डबा! उभा, दोरानं घट्ट आवळलेला, पुसून लख्ख. वर स्वच्छ धुतलेलं हिरवं सुती फडकं, दुहेरी गाठ मारून.

"माय, तू ठेवलास?"

"आधी ओत," मी म्हटलं.

झाकण उघडलं. वर चार बोटं रिकामी.

मॅडम जवळ येऊन वाकल्या. "सकाळपासून हा गाडीत होता? वाससुद्धा नाही आला!" मग वही मिटून म्हणाल्या, "पावसाळा सोडून वर्षभर तुम्हीच यायचं."

घरी पोचलो. भास्कर फाटकातूनच ओरडला, "कमल, काम मिळालं! वर्षभराचं!"

कमल कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "बरं झालं. माझं फडकं आणलं का माघारी?"

आता आमच्या दारात दोन पिकअप उभ्या असतात. दुसरी सत्तार चालवतो. तिच्या डब्यालाबी फडकं हाय, हिरवंच.