समोरून गेलेला तांब्या

डायलिसिस सुरू झाल्यापासून मला पाणी मोजूनमापून. दिवसभर घसा कोरडा आणि जीव एका जागी ठरत नाही. आमच्याकडं पाहुणा टेकायच्या आत त्याच्यापुढं पाण्याचा तांब्या येतो. सुरुवातीला तो दिसला की माझं डोकं फिरायचं. किती घरांत तेच ते सांगायचं?

परवा आखाडा बाळापूरला धाकट्या बहिणीकडं गेलो. बसलो, उठलो, ओट्यावर जाऊन आलो, पुन्हा बसलो. तेवढ्यात शेजारचे एक काका आले. भाचीनं त्यांना पाणी दिलं आणि तांब्या माझ्यासमोरून तसाच आत नेला. बहिणीनं तिला आधीच बजावलं असणार. बराबरच होतं ते. तरी मी उठून चप्पल शोधायला लागलो.

“काहून उठला, दादा? तकलीफ होऊन राहिली का?” बहिणीनं विचारलं.

“मला कुणी पाणी इचारलं न्हाई.”

“तुला चालत न्हाई ना.”

“चालत न्हाई. पण न्हाई म्हणायचं काम माझं हाय.”

ती उठली. आत गेली, तांब्या भरून आणला आणि माझ्यापुढं धरला.

मी नको म्हणालो आणि खाली बसलो.