होळीनंतर या

काशीच्या ब्रह्मा घाटावर राहून मोल्दोव्हाची काळजी करणारा माणूस साऱ्या भूतलावर एकच होता, आणि तो नेमका आमच्या आत्याच्या पदरी पडला. आतोबांच्या घराण्यात पिढ्यान् पिढ्या वेद म्हटले गेले. वडील घनपाठी, आजोबा घनपाठी. धाकटे चुलतभाऊ, ज्यांना आम्ही भाऊकाका म्हणतो, ते अजूनही घाटावर पौरोहित्य करतात. आतोबांनी मात्र ऐन विशीत शेंडी उतरवली, जानवं खुंटीला टांगलं आणि शिष्यवृत्ती मिळवून ते तेव्हाच्या सोव्हिएत देशात, थेट खारकीवला जाऊन पोहोचले. परत आले ते रशियन भाषा, एक जाडजूड ओव्हरकोट आणि कोबीबद्दलचा कायमचा तिटकारा घेऊन. पुढं तो देशच फुटला. दुसरा कुणी असता तर विषय बदलून मोकळा झाला असता. आतोबांनी उलट त्या फुटलेल्या घरातून वेगळे निघालेले युक्रेन, जॉर्जिया, मोल्दोव्हा, आर्मेनिया असे सगळे भाऊबंद दत्तक घेतल्यासारखे पोटाशी धरले, आणि शेजारच्या युरोपने त्यांच्याशी कसं वागावं हे विद्यापीठात आयुष्यभर शिकवलं. युरोपने त्यांना कधी काही विचारलं नाही. पण विचारलं नाही म्हणून सांगायचं थांबणारे आतोबा नव्हेत.

हा विषय त्यांच्या अंगात इतका मुरला होता की घरातला जिनासुद्धा त्यांना नुसता जिना दिसत नसे. त्यांच्या खालच्या मजल्यावर दोन बिऱ्हाडं आहेत. दोघांचा जिना एक, आणि तो कुणी झाडायचा यावरून बोलणं बंद. आतोबांनी मध्यस्थी केली. दोघांना वर बोलावून चहा पाजला आणि ‘परस्पर सहकार्याची चौकट’ समजावून सांगायला घेतली. बोलता बोलता स्वारी आर्मेनिया आणि अझरबैजानवर घसरली, मग नकाशा निघाला, मग दिवेलागण झाली. शेवटी आत्यानेच पाहुण्यांची सुटका केली. नंतर ती मला म्हणाली, “अगं, यश आलं म्हण की. दोघांचं भांडण मिटलं. आता दोघं मिळून यांच्याशी बोलत नाहीत.”

खरी गंमत व्हायची ती चहाच्या अडीवर. बनारसला ज्या टपरीवर रोजची तीच मंडळी जमून जगाचा कारभार पाहतात तिला अडी म्हणतात. आतोबांचे वडील पत्रिका बघत, त्यामुळे मुलगाही पुढचं सांगतो अशी मोहल्ल्याची ठाम समजूत. आतोबा दिसले की दूधवाला सायकल थांबवून विचारायचा, “का प्रोफेसर साहब, लड़ाई होई कि ना?” आतोबा लाल व्हायचे. “मी ज्योतिषी नाही. आमच्या शास्त्रात भविष्य नसतं, विश्लेषण असतं,” असं हिंदीत दटावायचे, आणि मग एक कुल्हडभर चहा संपेपर्यंत भविष्यच सांगायचे. ते बहुतेक खरं ठरे, कारण काही होणार नाही असंच ते नेहमी सांगत, आणि जगात बहुतेक दिवस काही होत नाही. तज्ज्ञांची अर्धी अब्रू यावरच टिकून असते असं माझं मत आहे. मी बँकेत आहे, तिथंही तज्ज्ञ पुष्कळ बघितलेत.

दुसरी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यापायी झालं. आतोबांच्या मते काशीला चुकीच्या वेळी येणं हा काशीचा अपमान होता. आता चुकीची वेळ कोणती? उन्हाळ्यात दगडी पायऱ्या भाजतात. पावसाळ्यात घाट बुडतात आणि मागं चिखल राहतो. पितृपक्षात केस काढलेली माणसं जिथंतिथं. देवदिवाळीला नावेत पाय ठेवायला जागा नाही. पौष-माघात धुकं, गाड्या दिवस दिवस उशिरा. मग शिवरात्रीची भीड, मग होळीचा हुडदंग. त्यातून जे चार दिवस उरत तेवढे लायक. पुण्याहून आमचे नातेवाईक यायचं म्हणाले की आतोबा त्यांना फोनवर इतक्या आपुलकीने थोपवत, की आमच्या घराकडे, मंगला गौरीच्या मागच्या गल्लीत, कित्येक वर्षं पाहुणाच फिरकला नाही. आई त्यांना मनातल्या मनात दुवा देत असे.

निवृत्त झाल्यावर आतोबांचा जीव दर गुरुवारच्या बैठकीत असायचा. संगणकाच्या पडद्यावर चारपाच देशांतले अभ्यासक जमत आणि युरोप व त्याचे पूर्वेकडचे शेजारी यांच्या नात्यावर तास न् तास वाद घालत. इकडे माकडं वायफायची तार ओढत, खालच्या गल्लीतून कुणाला तरी मणिकर्णिकेकडे नेताना ‘राम नाम सत्य है’ ऐकू येई, आणि पलीकडचे परदेशी पाहुणे आतोबांना विचारत की तुमच्याकडे रोज कसली मिरवणूक असते. आतोबा निर्विकारपणे “स्थानिक वाहतूक” म्हणत आणि पुढचा मुद्दा काढत.

या मंडळींत खारकीवच्या एक बाई होत्या. आतोबांच्याच विद्यार्थिदशेतल्या विद्यापीठात त्या शिकवत. पांढरे आखूड केस, हातात कायम जळती सिगरेट, आणि आतोबांना मध्येच तोडण्याची हिंमत, जी आत्यालाही आयुष्यात झाली नव्हती. दोघं मिळून एक पुस्तक लिहीत होती आणि शेवटच्या प्रकरणावर वर्षभर अडली होती. आतोबांचं म्हणणं, युरोपने या देशांना ना आत घेतलं ना बाहेर ठेवलं. दार अर्धं उघडं ठेवलं, आणि अशा दारात बोटं चिरडतात ती बाहेरच्याची. बाई म्हणायच्या, “दार त्यांनी उघडलेलं नाही. आम्ही ढकललंय. तुम्ही लांब राहता, तुम्हाला निराश व्हायला परवडतं.” आतोबा चिडून माझ्याकडे तक्रार करत, पण बुधवारी संध्याकाळपासूनच त्यांची दाढी घोटून तयार असे. आत्या चहा ठेवायला आली की पडद्यासमोर थांबून मराठीतच विचारायची, “जेवल्यात का?” आतोबा त्याचं रशियन करून सांगत. बाई दोन्ही हात जोडून मान डोलवत. दोघींचं संभाषण एवढंच, पण ते एकाही गुरुवारी चुकलं नाही.

बाईंनी काशीला यायचं आणि इथं बसून ते प्रकरण संपवायचं असं ठरलं. आत्याने वरची खोली चुन्याने रंगवून घेतली. बाईंची म्हातारी आई त्यांच्याजवळ असे. तिला पोलंडमध्ये बाईंच्या लेकीकडे पोहोचवायचं आणि तिथून इकडं निघायचं असा बेत होता. त्या जानेवारीत यायच्या होत्या. आतोबांनी लिहिलं, धुकं फार आहे, विमानं उतरत नाहीत, फेब्रुवारीत बघू. फेब्रुवारी उजाडला तेव्हा बाईंनी बैठकीतच विचारलं, “मी आता निघू का? इथं लोक काहीबाही बोलताहेत.” मी तिथंच होते, त्यांची कसलीशी तार जोडून देत होते. आतोबा हसले. ते रशियन बोलले, पण ते त्यांनी नंतर आम्हाला इतक्या वेळा सांगितलं की आता माझंही पाठ आहे. ते म्हणाले, “युद्ध होणार नाही, हे तज्ज्ञ म्हणून सांगतो. आणि शिवरात्रीला इथं मुंगीला वाट मिळत नाही, हे काशीकर म्हणून सांगतो. तुम्ही होळीनंतर या.” बाईही हसल्या. दोन्ही तिकिटं पुढं ढकलली, त्यांचं आणि म्हातारीचंही.

शिवरात्रीच्या आधीच खारकीववर बॉम्ब पडायला लागले.

विमानं बंद झाली. रेल्वेगाड्यांत माणसं एकमेकांच्या अंगावर उभी राहून निघाली होती; अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीला त्यांत चढवणं शक्य नव्हतं, आणि तिला सोडून निघायला बाई तयार नव्हत्या. आतोबा रात्रंदिवस फोन करत. ‘निघा’ हा एकच शब्द. त्या म्हणायच्या, आधी प्रकरणाचं बोला. तळघरात, कोट आणि टोपी घालून, फोनच्या उजेडात त्या गुरुवारच्या बैठकीला येत. आत्या पडद्यासमोर उभी राहायची, पण “जेवल्यात का” विचारायचं तिला धाडस होईना. एकदा बाईंनीच खुणेने सांगितलं, जेवले.

त्याच दिवसांत एका हिंदी वाहिनीने आतोबांना ‘युद्ध विशेषज्ञ’ म्हणून बोलावलं. अडीवरची सगळी मंडळी टीव्हीपुढं बसली. पडद्यावरच्या आठ चौकटींत आठ माणसं ओरडत होती आणि एका कोपऱ्यात आतोबा गप्प. निवेदकाने विचारलं, “प्रोफेसर साहब, एक लाइन में बताइए, जंग कब ख़त्म होगी?” आतोबा म्हणाले, “मुझे नहीं मालूम.” निवेदक पुढच्या चौकटीकडे गेला. दूधवाला मला दुसऱ्या दिवशी म्हणाला, “साहब की तबीयत ठीक ना हौ का?” त्यानंतर अडीवर त्यांना कुणी काही विचारलं नाही, आणि आतोबाही तिकडं जाईनासे झाले. घनपाठींच्या घरात जन्मून आयुष्यभर भविष्याला हसलेला हा माणूस एकच भविष्य मनापासून बोलला होता, आणि ते ऐकून एक शहाणी बाई थांबली होती. आम्ही समजूत घालत राहिलो की सगळ्या जगाचे तज्ज्ञ चुकले, तुमचं काय घेऊन बसलात. ते म्हणायचे, “सगळ्या जगाच्या तज्ज्ञांनी तिला होळीनंतर ये म्हटलं नव्हतं.”

ऐन उन्हाळ्यात बाईंच्या लेकीचा निरोप आला. बाई पाणी आणायला रस्त्यावर गेल्या होत्या. तोफेचा गोळा नळाजवळ पडला. म्हातारी तळघरात होती, तिला काही झालं नाही. तिला शेजाऱ्यांनी सांभाळलं.

आतोबांनी निरोप आत्याला वाचून दाखवला, मग पेटीतून ओव्हरकोट काढून झटकला, घडी घातली, पुन्हा ठेवला. जूनमधलं बनारस आणि तो ओव्हरकोट. त्यानंतर ते फारसं बोलेनात. हसऱ्या माणसाचं गप्प बसणं घरात फार जागा व्यापतं. मी गेले की माझ्याकडे बघून “ये गं” म्हणायचे आणि संपलं. एके काळी मी त्यांच्या मोल्दोव्हापासून पळ काढायची. त्या दिवसांत वाटायचं, त्यांनी मला समोर बसवावं आणि अख्खा मोल्दोव्हा ऐकवावा.

पितृपक्ष लागला तसं आत्यानेच विषय काढला. “बाईंचं कुणी केलं नसेल.”

“त्या मानत नव्हत्या,” आतोबा म्हणाले.

“त्या मानत नव्हत्या, तुम्ही मानत नाही. मग दोघांत भांडण तर व्हायचं नाही. पाणी सोडायला काय तकलीफ आहे?”

दुसऱ्या दिवशी सकाळी आतोबा धोतर नेसून खाली आले. मी त्यांना धोतरात पहिल्यांदाच बघत होते. निऱ्या आत्याने घालून दिल्या असाव्यात. गंगा चढलेली होती, खालच्या पायऱ्या पाण्यात होत्या, वरच्या ओल्या पायरीवर भाऊकाका दर्भ आणि काळे तीळ घेऊन बसले होते. त्यांनी एक नवं जानवं पुढं केलं. आतोबांना ते कुठल्या खांद्यावर घ्यायचं हेही आठवेना. भाऊकाकांनी नीट केलं. आई-वडिलांचं झालं. मग भाऊकाकांनी विचारलं, “दादा, त्यांचं गोत्र?”

“त्यांना कुठलं गोत्र?”

“मग काश्यप. माहीत नसलं की काश्यप म्हणायचं. नाव सांगा.”

आतोबांनी नाव सांगितलं. बाईंचं, त्यांच्या वडिलांचं, आणि मग घराण्याचं; तिकडच्या रिवाजाप्रमाणे ते भलतंच लांब होतं. ज्यांची जीभ वेदाच्या कुठल्याही जोडाक्षराला अडखळत नाही ते भाऊकाका तिथं अडखळले. तेव्हा आतोबा मांडी सावरून बसले आणि लहानपणी वडील त्यांना देत तशी त्यांनी भाऊकाकांना त्या नावाची संथा दिली. एक तुकडा आतोबांनी म्हणायचा, तो भाऊकाकांनी परत म्हणायचा, मग पुढचा. शेजारी तर्पण करणारी माणसं थांबून बघायला लागली. मला आधी हसू आलं, आणि ते कुठं संपून रडू आलं ते कळलं नाही.

“नातं?” भाऊकाकांनी विचारलं. “नातं उच्चारावं लागतं.”

देशादेशांच्या नात्यांवर तासभर बोलणाऱ्या माणसाला एक शब्द सापडेना. मग ते म्हणाले, “सहलेखिका.”

असं नातं कुठल्या पोथीत नाही. पण भाऊकाकांनी ते हळूच संस्कृतात बसवलं, सहलेखिकां काश्यपगोत्रां, आणि पुढं ते नाव. आतोबांनी ओंजळीतलं पाणी सोडलं.

“झालं, दादा,” भाऊकाका म्हणाले.

आतोबा उठेनात. “नाव अजून नीट आलं नाही,” ते म्हणाले. “पुन्हा म्हण.”

नाव नीट आलं होतं. आत्याला, मला, त्या पायरीवरच्या परक्या माणसांनासुद्धा एव्हाना ते पाठ झालं होतं. भाऊकाकांनी आतोबांच्या ओंजळीत पुन्हा तीळ घातले आणि सावकाश, एकही अक्षर न गाळता, ते सगळं नाव पुन्हा म्हटलं.