सबनीस काकांच्या अ‍ॅम्पची गुणगुण

चंदिगढचा रविवार, सोल्डरिंग आयर्न आणि रिकामटेकडी मराठी माणसं एकत्र आली की किस्से आपोआप साचतात, यार. आमची गँग सबनीस काकांच्या हॉलमध्ये बसायची. काका सेक्टर तीसच्या लॅबमधून रिटायर झालेले, माझे बाबा अजून तिथेच, पाटील अंकल मोहालीत सॉफ्टवेअरवाले. आणि मी. दहावीत आपटलेला, पण डोकं माझंच!

*

काकांनी अ‍ॅम्प स्वतः बनवलेला. गाणी मस्त वाजायची, पण मागे कायम "हंऽऽ" अशी गुणगुण. पॉवर सप्लायमधले मोठे कपॅसिटर म्हातारे झाले की असं होतं. बाबा दर वेळी म्हणायचे, बदलून टाकू.

काका म्हणायचे, "तुझेही गुडघे वाजतात. बदलू का?"

*

काका अ‍ॅम्प लावून खुर्चीत बसायचे आणि जेवायला उठतानाच तो बंद करायचे. गुणगुण थांबली की काकूला कळायचं, काका उठले. किचनमधून हाक यायची, "उठलात? वाढू का?" रोजचंच.

म्हणून एकदा मी भर दुपारी चार वाजता गुपचूप मागचा प्लग काढला.

"उठलात? वाढू का?" आणि ताट हजर!

काकांनी ताटाकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि मुकाट जेवले. "तिने वाढलंय ना," म्हणाले. "पण कार्ट्या, रात्री परत जेवावं लागणार. तेव्हा तू बस शेजारी."

बसलो. त्यांच्या वाटची पोळी मीच खाल्ली.

*

काका या थंडीत गेले. धुकं इतकं की नागपूरहून येणाऱ्या त्यांच्या मुलीचं विमानच उतरेना. ती पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. काकूला घेऊन जाते म्हणाली, काकू ऐकेना.

आता काकू रोज संध्याकाळी अ‍ॅम्प चालू करते. गाणं लावत नाही. अ‍ॅम्प नुसता गुणगुणतो, ती स्वयंपाक करते.

बाबा म्हणाले, "तिला गाणं लावता येत नसेल. बिचारी ती कटकट ऐकत बसते. आपण कपॅसिटर बदलून देऊ, गाणंही लावून देऊ."

*

मग भांडणं. पाटील अंकलचं म्हणणं, डबल मायक्रोफॅरडचा, म्हणजे दुप्पट ताकदीचा टाकू, एकदम दणकट. बाबा म्हणाले, उगाच वाढवलंस तर चालू करतानाच फ्यूज उडेल. व्होल्टेज थोडं जास्त घे, बाकी जुन्यासारखाच बघ.

अंकलनी बाजारातून एक जाडजूड, चकचकीत आणला. हातात घेतला तर फुलासारखा हलका. बाबांनी करवतीने कापला. आत छोटासा दुसराच कपॅसिटर, बाकी हवा!

"अंकल," मी म्हटलं, "बाहेरून तीन मजली कोठी, आत वन आरके."

आम्ही हसलो आणि तिघांनीही काकांच्या खुर्चीकडे बघितलं. सवय हो. असल्या जोकला त्यांचं हसू सगळ्यात उशिरा थांबायचं.

*

शेवटी चांगला कपॅसिटर मिळाला. हाताला वजनदार, उष्णता झेलणारा, पाय बरोबर बसणारे. पण सोल्डर करण्याआधी बाबांना तो जुन्याला जोडून बघायचा होता. गुणगुण गेली तर हाच पक्का.

संध्याकाळ होती. काकूने अ‍ॅम्प चालू केलेला, ती आत पोळ्या लाटत होती. लाटण्याची टकटक हॉलपर्यंत येत होती. खरं तर असं चालू असताना जोडायचं नसतं. बाबांनी क्लिपवाल्या वायरी घेतल्या आणि जोडलंच.

छोटी ठिणगी उडाली. गुणगुण बंद. हॉल एकदम साफ.

पाटील अंकलनी अंगठा वर केला. बाबा माझ्याकडे बघून हसले. मी टाळी द्यायला हात उचलला.

किचनमधलं लाटणं थांबलं.

"उठलात? वाढू का?"

माझा हात तसाच वर राहिला. पाटील अंकल खाली बघायला लागले. बाबांनी हळूच क्लिप काढली.

हंऽऽ.

आत लाटणं परत सुरू झालं.