अण्णांचा राजीनामा

माझ्या वडलांना, अण्णांना, मराठी येत नाही असं एका माणसानं ठरवलं तेव्हा मी सातवीत होते. अण्णांची आई मराठी, आजी मराठी, घरात दुसरी भाषाच नव्हती. फक्त शिक्षण निजामाच्या अमलातलं, म्हणून उर्दूत. ते आधी कळंबच्या अदालतीत कारकून होते. विलीनीकरणानंतर गावात हायस्कूल निघालं, तिथं गणित शिकवायला लागले.

हेडमास्तर पुण्याकडून आले. पहिल्याच दिवशी अण्णा त्यांना म्हणाले, "माझी सारी तालीम हैदराबादेत झाली."

हेडमास्तरांनी त्यांच्या किडकिडीत अंगाकडं बघितलं. "कुस्ती खेळत होता?"

मास्तरांची खोली हसली. आमच्याकडं तालीम म्हणजे शिक्षण, हे तिथल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. तेही हसले.

मग ते रोजचंच झालं. हेडमास्तर वर्गाबाहेर उभं राहून ऐकायचे. अण्णा "जमा-तफरीक" म्हणाले की आत येऊन आम्हा मुलांसमोर "बेरीज-वजाबाकी" अशी दुरुस्ती करायचे. एकदा म्हणाले, "ही मुसलमानी भाषा वर्गात नको."

अण्णांचा आवाज चढला. "माझी आई अशीच बोलती, साहेब. मला काय म्हणायचं ते म्हणा, तिच्या बोलीला नावं ठेवू नका."

शाळेच्या कमिटीनं दोघांना बोलावलं. कमिटीत आमच्याच गावचे एक वकील होते, अण्णांचे अदालतीतले जुने सोबती. बरीच बोलाचाली झाली. शेवटी अण्णा थकून म्हणाले, "झालं गेलं सोडा. मी राजीनाम्याला तयार हाय."

हेडमास्तरांनी लगेच विचारलं, "लेखी देता?"

"व्हय, देतो की."

राजीनाम्याच्या एका ओळीखाली सही करून अण्णा घरी आले ते हसत. आईला म्हणाले, "मिटलं एकदाचं. राजीनामा झाला." त्यांच्या अदालतीत भांडणाऱ्या दोन्ही बाजू राजी झाल्या, की त्या समझोत्याला राजीनामा म्हणत. नोकरी सोडायची तर तो इस्तीफा. कित्येक महिन्यांनंतर आई त्या दिवशी निवांत जेवली.

दुसऱ्या दिवशी अण्णांच्या वर्गावर दुसरे मास्तर उभे होते. मी मागच्या बाकावरून बघितलं. अण्णा दारात आले, थबकले आणि हेडमास्तरांच्या खोलीकडं गेले. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. हेडमास्तर म्हणाले, "मराठीत राजीनाम्याचा अर्थ एकच आहे. तुम्ही सही केलीत."

अण्णा तडक वकिलांच्या घरी गेले. "तुम्ही जन्मभर राजीनामे लिवले. तुम्हाला तर कळलं होतं?"

वकील पान लावत होते. म्हणाले, "आता राज्य बदललंय. जुन्या शब्दांना धरून बसून कसं चालंल?"

कळलं होतं, तर. अण्णांना नोकरी गेल्याचं जेवढं लागलं नाही, तेवढं हे लागलं. परक्याला कळलं नाही, आणि ज्याला कळलं तो गप्प बसला.

पुढं अण्णा येरमाळ्याला चुलत्यांच्या दुकानात बसायला लागले. मी त्याच शाळेत शिकले. हेडमास्तर माझी मराठी शुद्ध आहे म्हणून इतरांना माझा निबंध वाचून दाखवायचे. अण्णा कुठं ओळखीपलीकडच्या माणसाकडं निघाले की आधी मला विचारायचे, "हा शब्द चालतो का गं?" तीन भाषांत पाढे म्हणणारा माणूस, आणि मला विचारायचा. मला त्यांची कीव यायची नाही, राग यायचा. कुणाचा, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

माझं सासर सोलापूरपलीकडचं, पुण्याच्या बाजूचं. बैठकीत अण्णा "हो" आणि "नाही" याखेरीज काही बोलले नाहीत. लग्नानंतर सासूबाई म्हणाल्या, "तुझे वडील फार शिष्ट. चारचौघांत तोंड उघडायला त्यांना कमीपणा वाटतो."

मी पदर खोचून भांडी विसळत राहिले. त्यांना सांगायचं तर कुठल्या मराठीत सांगणार होते?