पाहुण्याचे डोळे

स्पिरिटचा वास आला की मला पेणच्या रामवाडीतली व्हिडिओ लायब्ररी आठवते. नव्वदच्या दशकात तिथे परग्रहावरच्या पाहुण्याचा एक जुना सिनेमा होता, पण दमट हवेने त्याच्या कॅसेटला बुरशी आलेली. मालकाचा भाऊ गणपतींच्या कारखान्यात आखणी करायचा, म्हणजे सगळ्यात शेवटी मूर्तीचे डोळे रंगवायचा. त्याने स्पिरिटच्या बोळ्याने अख्खी टेप पुसली. सिनेमा दिसू लागला, फक्त पाहुण्याचा चेहरा पडद्यावरच्या मुंग्यांतच राहिला. "दादा, याचे डोळे कसे असतील हो?" मी विचारलं. "कोनी बघितलंय? थांब, काढतो," म्हणत त्याने कॅसेटच्या डबीवर ब्रशने दोन शांत डोळे काढले. परवा त्याच सिनेमाची नव्याने साफ केलेली डीव्हीडी मिळाली. चेहरा लख्ख दिसला. त्याला डोळेच नव्हते. मला वाटलं, याची आखणी राहिलीय.