आधी सही पाहू

काका चष्मा कपाळावर चढवायचे, संगणकाच्या पडद्याला नाक टेकेल इतके पुढे वाकायचे आणि म्हणायचे, "आधी सही पाहू, मंग मजकूर वाचू."

दिग्रसच्या ज्या कापसाच्या जिनिंगमध्ये मी हिशेब बघते, तिथे पत्रव्यवहाराचं टेबल त्यांचं होतं. आमच्या गाठी घेणाऱ्या दक्षिणेतल्या एका व्यापाऱ्याच्या नावाने कुणीतरी खोटी मेल पाठवली, तेव्हापासून त्या व्यापाऱ्याने अटच घातली. मेल कुलूपबंद हवी आणि तिच्यावर डिजिटल सही हवी. कुलूप आपल्या परवलीच्या शब्दाने उघडायचं, सही जुळली की पडद्यावर हिरवी खूण येते. शेठ नुसतं ऐकूनच गळाठले. काकांनी मात्र हौसेने हे काम अंगावर घेतलं. त्यांची मुलगी पुण्यात याच कामात होती आणि सुट्टीत त्यांच्या बंजारा तांड्यावर आली की बापाला शिकवून जायची. "पोरीनं शिकवलं," हे ते आल्यागेल्याला सांगत.

त्यांचा परवलीचा शब्द म्हणजे त्यांच्या वडिलांच्या बैलांची नावं. टाइप करताना ते ती मोठ्याने म्हणत. हमालांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांना ती पाठ होती.

"काका, हे गुपित असतं ना?" मी एकदा विचारलं.

"हो ना ताई. म्हनून तं कोनाले सांगत नाही."

पुढे पुढे त्यांना सहीचं वेडच लागलं. शेठनी आज लवकर घरी जायला सांगितलंय म्हटलं, तर विचारायचे, "खूण हाय का हिरवी?" असा एखादा माणूस तुमच्याही कचेरीत असेल. त्याच्यावर हसावं लागतं आणि तो रजेवर गेला की करमत नाही.

मग एका दिवाळीनंतर त्यांच्या मुलीची मेल आली. तिने ऑफिसातला एक मुलगा पसंत केला होता. तो तांड्यातला नव्हता, जातीतलाही नव्हता. "बापू, तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी लग्न करणार नाही," असं तिने लिहिलं होतं. घाईत फोनवरून पाठवल्यामुळे मेलवर सही नव्हती.

काकांनी मला वाचायला लावलं. "सही नाही," ते म्हणाले. "हे माह्या पोरीनं लिहिलंच नाही."

तिने पुन्हा लिहिलं, पुन्हा सही राहिली. तिचे फोन ते उचलेनात. म्हणाले, "आवाजाचं काय घेऊन बसली? आजकाल आवाजबी नकली निंघते." मला त्यांचा रागच आला. त्यांना सगळं कळत होतं. तांड्यात लोक काय म्हणतील या भीतीने ते सहीच्या आड लपले होते, आणि तिकडे पोरगी वाट बघत बसली होती.

शेवटी तिने सही करून मेल पाठवली. पण तिने नवा लॅपटॉप घेतला होता, त्यावर सहीची किल्लीही, म्हणजे सही ओळखायची आकड्याअक्षरांची ओळ, नवी बनवली होती. हिरव्याऐवजी पिवळी खूण आली, 'ओळख पटलेली नाही.' काकांना बरंच वाटलं. "पाहा," ते म्हणाले.

"पाहिलं," मी म्हटलं. "व्यापाऱ्याची किल्ली बदलली तेव्हा तुम्ही काय केलंत? फोन करून त्याच्याकडून किल्लीचे आकडे वाचून घेतले आणि पडद्यावर जुळवले ना? मग आता कायले थांबून राह्यले?"

नियम त्यांचाच होता. त्यामुळे त्यांना पळवाट उरली नाही. त्यांनी फोन लावला.

तिकडून ती किल्लीचे आकडे वाचत होती, इकडे काका पडद्यावर बोट ठेवून एकेक जुळवत होते. "चार एफ. नऊ बी. हां. पुढं." निम्म्यावर आल्यावर ते तिला सावकाश वाचायला सांगू लागले. आकडे संपले तरी फोन चालूच राहिला, आणि बोलणं त्यांच्या गोरबोलीत शिरलं. मला त्यातला एकच शब्द कळला, याडी, म्हणजे आई. मुलगी शाळेत असतानाच ती माउली गेली होती. मी उगाच एक फाइल उघडून बसले.

फोन ठेवून त्यांनी चष्मा पुसला.

"जुळलं का?" मी विचारलं.

"जुळलं. एक अक्षर इकडचं तिकडं नाही." मग चष्मा डोळ्यांवर चढवत म्हणाले, "पोराले म्हना, तुही किल्ली पाठव. मंग पाहू कसा हाय तं."

लग्न तांड्यावरच झालं. तांड्याचा प्रमुख, म्हणजे नायक, आधी दोन दिवस रुसून बसला आणि मग सगळ्यात जास्त तोच नाचला. नवरदेवाला मांडवात बसवून काकांनी आधी त्याचे आकडे जुळवले, आणि त्या बिचाऱ्यानेही न चुकता म्हणून दाखवले.

काका आता निवृत्त होऊन मुलीकडे पुण्याला राहतात. त्यांच्या खुर्चीत मी बसते. कापसाचा हंगाम सुरू झाला की त्यांची कुलूपबंद मेल येते. मी परवलीचा शब्द टाइप करते तेव्हा माझेही ओठ हलतात, असं चहावाला म्हणतो. परवा तो चहा घेऊन आला आणि पडद्याकडे वाकून बघत म्हणाला, "काकाची हाय? काय म्हंते?"

"थांब," मी म्हटलं, "आधी सही पाहू."

कुलूप उघडलं. मग हिरवी खूण आली. आत एवढंच होतं: "ताई, जावई चहा लय चांगला करते. कोनाले सांगू नको."