सोमाजीच्या पायाला ठेवलेलं नाव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोला नाही, मशिदीत शेजारी बसणाऱ्या दोस्ताला नाही. तुम्हाला सांगतो.

पन्नास-बावन्नच्या सुमारास चांद्यात माझं जोड्यांचं दुकान होतं. हात चांगला होता, आजही छाती ठोकून सांगेन. माणूस आत आला की त्याच्या पायाला काय लागेल ते मला दिसायचं. मग सोमाजीचं दिसलं नाही, असं कोणत्या तोंडाने म्हणू?

सोमाजी धानोऱ्याकडचा, धान पिकवणाऱ्या घरातला. उभा जन्म अनवाणी. टाच अरुंद, पण पंजा सुपासारखा पसरलेला, बोटं मोकळी. जमीन धरून धावणारा पाय! चांद्याला शर्यत होती, जिंकेल तो नागपूरला जाणार होता. अनवाणी धावू देणार नव्हते, म्हणून तो माझ्याकडे कॅनव्हासचा हलका जोडा शिवून घ्यायला आला.

असल्या पंज्याला कालबूत — जोडा ज्यावर चढवतात तो लाकडी साचा — वेगळं कोरावं लागतं. माझ्याकडची सगळी पुढे निमुळती, शहरी पायांची. नवं कोरायला वेळ नव्हता का? होता. पण ईदची गिऱ्हाइकं दारात उभी होती, आणि हा एक खेड्यातला गडी... मी फक्त लांबी जुळवली.

घालून पाहताना तो म्हणाला, "भाऊ, बोटाले दाबून राह्यला."

"नवा जोडा दाबतेच. धावशीन तं सैल होईन."

लांबीला पुरला म्हणून जोडा पंज्याला पुरत नाही — हे मला ठाऊक नव्हतं?

शर्यत पाहायला मीही गेलो होतो. अर्ध्यापर्यंत तो सगळ्यांच्या पुढे होता. मग लंगडायला लागला. जोडे काढायला खाली बसला, आणि बाकीचे निघून गेले. कॅनव्हासवर रक्त उतरलं होतं.

"काऊन हो भाऊ, जोडा लहान झाला का?" कोणीतरी मला विचारलं.

आणि मी — सगळ्यांसमोर, ठाम आवाजात — म्हणालो, "जोडा बरोबर हाय. याचा पायच बेढब हाय. असा पाय धावाच्या कामाचा नाई."

सोमाजीने आपल्या पायांकडे पाहिलं. त्याला ते पटलं. जोडे शिवणाऱ्याचं पटणार नाही, तर कुणाचं पटेल? तो पुन्हा कधी धावला नाही.

काही वर्षांनी सिंदेवाहीच्या बाजारात भेटला. बरोबर लहान मुलगी. ती हात सोडून पळाली, तसं त्याने तिला ओरडून थांबवलं.

"भाऊ, हिचेबी पाय माह्यावानीच निंगाले," तो म्हणाला. "म्या सांगून ठेवलं तिले, धावाचं नाव घेऊ नोको."

एक वाक्य पुरलं असतं. जवळपास ओळखीचं कोणी नव्हतं, म्हणजे अब्रूचीही भीती नव्हती. मी मुलीच्या पायांकडे पाहिलं — रुंद, मोकळे, देखणे पाय.

"बरं केलंस," मी म्हणालो, आणि पुढे निघालो.